पुस्तकात नसलेला आवाज

इंदिरानगर, नाशिक

प्रिय राखी,

तुझे फोन मी घेतले नाहीत. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी फिरून येतो. बोलायला जमणार नाही असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचीच पत्रं टाइप केली. स्वतःचं असं मोठं पत्र हे बहुधा पहिलंच. काही चुकलं तर समजून घे.

सिनेमा पाहिला. तुला शनिवारी एवढंच कळवलं होतं, की पाहिला, चांगला आहे. ते खोटं नव्हतं. आईच्या चित्रांच्या पुस्तकातला पैठणीचा नऊ मोरांचा पदर पडद्यावर उलगडला तेव्हा थिएटरातली पोरं पुढे सरकून बसली. नववा मोर पदरातून उतरून येवल्याच्या गल्लीत फिरायला निघतो, ते पान तुझ्या आईने चार वेळा काढलं होतं. मोराचे पाय जमत नव्हते. म्हणायची, पाय मोराला आवडत नाहीत, मला कसे आवडतील. सिनेमात ते पाय छान चालतात. महेशला माझ्याकडून सांग. दिग्दर्शक म्हणून त्याने मेहनत घेतली आहे, आणि माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही.

मी खरं तर जाणार नव्हतो. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. या घरात दिवाळीला आकाशकंदील लागला नाही, मी नवा सदरा घेतला नाही, आणि सिनेमाला कसा जाऊ? पण समोरच्या लताबाई ऐकेनात. म्हणाल्या, "भाऊ, मैनाताईंचं पुस्तक आणि राखीचं संगीत. तुम्ही नाही गेलात तर त्याच वरून येऊन तुम्हाला नेतील. त्यापेक्षा माझ्याबरोबर चला, मी निदान रिक्षाने नेते." मग गेलो. दुपारचा खेळ होता. पुढच्या रांगेत एका शाळेची सगळी मुलं बसली होती.

मध्यंतरानंतर मोर परत यायला निघतो आणि त्याला आपला हातमाग सापडत नाही, तिथे तू ते गाणं घातलं आहेस. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. पहिला सूर आला आणि मला वाटलं, कुणीतरी तुझ्या आईसारखं गातंय. दुसऱ्या सुराला कळलं, की सारखं नाही, तीच आहे. माझ्या हातात लताबाईंनी दिलेली मक्याच्या दाण्यांची वाटी होती. ती मी खाली ठेवली एवढं आठवतं. लताबाई डोळे पुसत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हणालो. तुझ्यासाठी मी एवढं खोटं बोललो, राखी. दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या मुलीने मला सांगितलं नाही, हे शेजाऱ्यांना कसं सांगायचं?

आता एक गोष्ट तुला विचारायची आहे, पण आधी आठवण करून देतो. दहाव्याला आपण रामकुंडावरून परत येत होतो. गाडीत तू पुढे बसली होतीस. मी मागून विचारलं होतं, तुझ्या फोनमध्ये आईचा आवाज कुठे आहे का गं? मला वाटलं होतं, एखादा वाढदिवस, एखादा निरोप, काहीही असेल. नुसतं "हॅलो" असतं तरी चाललं असतं. तू मागे न वळता म्हणालीस, "नाही बाबा. फोन बदलला तेव्हा सगळं गेलं." मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर दोन महिने मी नातेवाइकांना फोन करत होतो. सायखेड्याच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, तिथे स्नेहसंमेलनाचं काही चित्रीकरण असेल म्हणून एसटीने जाऊन आलो. त्यात ती एका कोपऱ्यात पाठमोरी दिसते, फळ्याला तोरण बांधताना. आवाज नाही. मी हे तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस, "बाबा, कशाला त्रास करून घेता?"

ते गुणगुणणं तू कधी घेतलंस, तेही मला कळलं आहे. गाण्याच्या मागे एक बारीक टिकटिक ऐकू येते. महेशला ती मागाची वाटली असेल, पण ती हॉस्पिटलमधल्या सलाइनच्या यंत्राची आहे. ते यंत्र तिला एकाच दिवशी लावलं होतं, बुधवारी. त्या दुपारी तू मला म्हणालीस, "बाबा, खालून चहा घेऊन या. सावकाश या, जरा मोकळ्या हवेत बसा." मला फार बरं वाटलं होतं. पोरगी आपलीही काळजी घेते, असं मनात आलं. मी खाली बाकावर अर्धा तास बसलो. तिच्या हयातीतला अर्धा तास, आणि तेव्हा तर दिवस मोजून उरले होते.

आणि त्या चालीबद्दल. वर्तमानपत्रात तुझ्या मुलाखतीत आलं आहे, की ही येवल्याकडची जुनी अंगाई. अंगाई नाही ती. तुझे आजोबा, आईचे वडील, मागावर पदर विणताना धाग्यांची मोजणी चुकू नये म्हणून ते गुणगुणायचे. एक ओळ विणून झाली, की थांबायचे. पोरांना ताकीद होती, चाल सुरू असताना आजोबांना हाक मारायची नाही, थांबले की बोलायचं. नाहीतर मोजणी पहिल्यापासून. तुझी आई चित्रं काढताना तेच करायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मध्येच काहीतरी विचारलं, तर तिने हात जोडले. पुढे मला सवय झाली. सदतीस वर्षं मी तिच्याशी त्या थांबण्यात बोललो. भाजी काय आणू, राखीची फी भरली का, पाणी आलं का. तुझ्या गाण्यात ते थांबणं कुठेच नाही. सगळं जोडून घेतलंस, मागे सारंग्या लावल्यास. लोकांना सुंदर वाटतं, आणि ते आहेच. मी मात्र ते ऐकताना, ती थांबेल मग बोलू, म्हणून वाट पाहत होतो. गाणं संपलं.

तू हे सगळं का केलंस, याचा मी खूप विचार केला. कदाचित तुला भीती वाटली, की मी ते ऐकून कोसळेन. कदाचित सिनेमाला देऊ नको म्हणेन, अशी भीती असेल. दोन्ही तू मला विचारू शकली असतीस. मी तुला लहानपणी पेटी घेऊन दिली, तेव्हा तू काय वाजवशील हे विचारलं नव्हतं.

आता लिहिण्याचं कारण. काल गाण्यांच्या कंपनीचा माणूस घरी आला होता, संतोष नाव. सभ्य मुलगा आहे. गाणं वेगळं बाजारात आणायचं आहे, आवाजाला वारसाची परवानगी हवी, म्हणून तू पत्ता दिलास म्हणे. "काका, राखीताई म्हणाल्या, फक्त एक सही आहे." मी कागद ठेवून घेतला. सही केलेली नाही. आपण आवाज टिपतो आहोत, हे तू आईला सांगितलं होतंस का, हे मला माहीत नाही. सांगितलं असेल, तर त्यानंतर ती एकोणीस दिवस होती आणि तिनेही मला सांगितलं नाही. सांगितलं नसेल, तर तू तिच्याकडूनही न विचारता घेतलंस. मूळ ध्वनिफितीत ते ऐकू येईलच. पुढच्या महिन्यात अठराला वर्षश्राद्ध आहे. आदल्या दिवशी ये आणि ती पूर्ण घेऊन ये, न कापलेली. आपण दोघं बसून ऐकू. काहीही निघालं तरी मी ऐकणार आहे. सहीचं त्यानंतर ठरवू, आणि ते तुझ्या आईच्या, मैनाच्या मर्जीने होईल, तुझ्या किंवा माझ्या नाही. आणि राखी, ती ध्वनिफीतही फोन बदलताना गेली, असं मात्र या वेळी सांगू नकोस.

हे अजूनही खरं आहे म्हणून लिहितो,
तुझाच,
बाबा