बाळंतपणाचा नंबर

बुसान,
१५ सप्टेंबर २०१४

ती. आईंच्या चरणी सोलरानचा शि. सा. न. वि. वि.

चुसॉकच्या सणाला मी घरी का आले नाही, ते क्रमाने लिहिते.

१. मी येणार होते. बसचे तिकीट काढले होते.
२. आदल्या दिवशी ड्युटीवर असताना माझ्या हाताखालची युल्ही चक्कर येऊन पडली. तिचे पेशंट मी घेतले.
३. सणाचे सगळे दिवस मी तिच्या जागी काम केले. डायलिसिसच्या पेशंटला सणाची सुट्टी नसते.
४. माझे पोट बिघडले आहे, असे तुमच्या ग्वांगसूने तुम्हाला सांगितले. ते खोटे होते.
५. युल्हीला दिवस गेले आहेत. विभागात हे फक्त मला माहीत आहे.
६. या वर्षी मूल होण्याचा नंबर माझा आहे, तिचा नाही.

शेवटचे कलम तुम्हाला समजणार नाही, म्हणून खुलासा करते. आमच्या विभागात अकरा सिस्टर आहेत. एखादी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर रुग्णालय तिच्या जागी कोणाला घेत नाही. तिचे काम उरलेल्या दहा जणी वाटून घेतात. दोघी एकदम गेल्या, तर यंत्रे चालतील, पण यंत्रांशेजारी उभे राहायला कोणी उरणार नाही. म्हणून लग्न झालेल्यांनी आपापसात क्रम लावून घेतला आहे. एका वर्षी एकीने. हे कुठेही लिहिलेले नाही. नवी मुलगी कामाला लागली की हेड सिस्टर तिला कॉफी पाजतात आणि सांगतात. माझ्या पुढे तिघी होत्या. तिघींच्या रजा मीही भरून काढल्या. या जुलैत माझा नंबर लागला. युल्हीचा अजून दोन वर्षांनी आहे.

क्रम मोडला म्हणून कोणाला काढून टाकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकीने मोडला होता. तिने सगळ्यांसाठी तांदळाच्या वड्या आणल्या आणि प्रत्येकीपुढे वाकून माफी मागितली. वड्या सगळ्यांनी घेतल्या. नंतर तिच्याशी कामापुरते बोलणे उरले, आणि हिवाळ्यात तिने राजीनामा दिला.

तुम्ही तीन वर्षे न चुकता काढा पाठवता. मी तो न चुकता घेते. पण काढ्याने नंबर पुढे सरकत नाही.

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. तो राग निदान खऱ्या कारणावर असावा, म्हणून हे लिहिले. फोनवर तुम्हाला अर्धे ऐकू येते, आणि हे अर्धे ऐकण्यासारखे नाही.

गुडघ्यांना जपा. या पत्रामुळे लोभ उणा होऊ देऊ नये.

आपली सून,
सोलरान


सांग्जू,
२१ सप्टेंबर

चि. सौ. सोलरान हिला सासूचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, माझा चष्माच बिघडला. अगं, पोरं होण्याला नंबर? लढाईनंतर आमच्या लहानपणी पीठ वाटायचे, त्या रांगेतसुद्धा पोटुशी बाई आली की लोक तिला पुढे काढायचे. तुमच्या रांगेत तिला मागे ढकलतात! आणि तुम्ही सगळ्या शिकलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या.

मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला आहे, तो आधी ओतून टाकते. शेजारच्या मालसुनला मी इतकी वर्षे सांगत आले की आमची सून अंगाने नाजूक आहे. त्यावर ती भवानी म्हणायची की नाजूक कसली, चांगली शहाणी आहे, गोळ्या घेत असेल. मी तिच्याशी भांडून घरी यायचे, आणि भात चुलीवर ठेवता ठेवता मनात यायचे की मालसुन म्हणते ते खरे तर नसेल? तुझ्याबद्दल असे वाईट मनात आणले मी. तू एक ओळ लिहिली असतीस, तर ते पाप माझ्या डोक्यावर चढले नसते. तुझ्या तोंडातून शब्द काढणे म्हणजे शिंपल्यातून मांस काढण्यासारखे आहे, सुरीच लागते.

आणि आमचे चिरंजीव! म्हणे पोट बिघडले. बापाच्या वळणावर गेला आहे. त्याचा बाप घराला आग लागली असती, तरी आधी जेवण उरकून मग सांगणारा.

आता माझे ऐक. नंबर तुझा आहे, तो धरून ठेव. त्या पोरीची कणव मलाही येते, मी काही दगड नाही. पण तिघींची ओझी तू वाहिलीस, आणि तुझी वेळ आली की मध्येच दुसरी येऊन बसते, याला काय म्हणायचे? तिला वड्या वाटू देत. तिला माफी मागू देत. चार दिवस कोणी बोलणार नाही, मग बोलतील. बायका फार दिवस गप्प बसू शकत नाहीत. तू भोळेपणा करू नकोस. मी अडुसष्ट वर्षांची आहे. माझ्या गुडघ्यांना तुमचे नंबर कळत नाहीत.

नोकरी सोड, असे लिहिणार होते. लिहीत नाही, कारण तू ऐकणार नाहीस आणि माझी शाई फुकट जाईल.

पर्सिमनला रंग चढू लागला आहे. यंदा फळ मोठे आहे, सोलून वाळवायला हात मात्र माझे दोनच. काढा वेगळ्या डब्यात पाठवला आहे, नाक दाबून पी.

माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.

तुझी सासू,
माक्रे


बुसान,
२ ऑक्टोबर

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

काढा मिळाला. प्याले.

युल्हीने मला सामानाच्या खोलीत गाठले. तिने फक्त ड्युटीची अदलाबदल मागितली: येत्या बुधवारची तिची मी करावी, शनिवारची माझी ती करील. बुधवारी काय आहे, असे मी विचारले. ती म्हणाली की एक काम उरकायचे आहे, एका दिवसात होते, गुरुवारी तिला सुट्टीच आहे, शुक्रवारी ती नेहमीसारखी कामावर असेल आणि कोणाला त्रास होणार नाही. कोणाला त्रास होणार नाही, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नवऱ्याला माहीत आहे का, असे विचारले, तर म्हणाली की त्याला सांगितले तर तो नको म्हणेल, आणि नको म्हणायला त्याचे काय जाते, त्याला थोडीच ड्रेसिंग रूममध्ये या सगळ्यांच्या नजरेसमोर कपडे बदलायचे आहेत.

मी म्हटले, बुधवार जमणार नाही. तिने दुसरा दिवस विचारला. मी म्हटले, कोणताच दिवस जमणार नाही.

आता मला दोनच गोष्टी करता येण्यासारख्या आहेत: गप्प बसणे, किंवा तिच्याशी नंबर बदलणे. बदलला तर तिला कोणाची माफी मागावी लागणार नाही. माझा नंबर मग २०१६ च्या जुलैत येईल. तेव्हा मी पस्तीस वर्षांची असेन. त्या वयात काय काय अवघड होते, ते मला पाठ आहे. नर्सिंगच्या अभ्यासात ते होते.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. जुलैत नंबर लागला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ड्युटीच्या तक्त्यात आणखी एक रकाना भरायचा आला, असे वाटले. मी पहाटे निघते, जेवते ती उभ्याने, आणि परत आले की पायांतले मोजे काढायलाही थोडा वेळ बसावे लागते. ग्वांगसू गोदीतून पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा बहुधा मी कामावर असते. क्वचित सुट्टी जुळली तर आम्ही झोपतो, म्हणजे खरोखरच झोपतो. हे सासूला लिहिण्यासारखे नाही. पण तुमच्या मनात पुन्हा गोळ्या येऊ नयेत.

नंबर माझा असला तरी वाट तुम्हीही पाहिली आहे. म्हणून हेड सिस्टरना सांगण्याआधी तुम्हाला विचारते. नोव्हेंबरचा तक्ता त्या वीस तारखेला लावतात.

रागावलात तरी माया असू द्यावी.

सोलरान


सांग्जू,
१२ ऑक्टोबर

सोलरान हिला आशीर्वाद.

तू विचारत नाहीस, कळवतेस. कोणताच दिवस जमणार नाही, असे त्या पोरीला म्हणालीस, तेव्हाच तू नंबर देऊन बसलीस. मला पत्र त्यानंतर लिहिलेस. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

तिचे मूल राहावे, हे डोक्याला पटते. मनाला पटायला वेळ लागेल. तोवर मला पत्र लिहू नकोस.

मालसुन रोज विचारते, सुनेची काही बातमी? तिला काय सांगू, तेवढे मात्र लिहून पाठव.

फळे सोलून सोलून चिकाने बोटे काळी झाली आहेत, म्हणून अक्षर असे आले आहे. काढा या वेळी पाठवत नाही.

ग्वांगसूची आई


बुसान,
२१ ऑक्टोबर

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहू नकोस म्हणालात, आणि एका प्रश्नाचे उत्तरही मागितलेत. उत्तरापुरतेच लिहायचे होते, पण थोडे जास्त होईल.

मालसुन मावशींना खरे सांगा. सुनेत दोष नाही. रुग्णालयात माणसे कमी आहेत.

तुम्ही लिहिले ते बरोबर आहे. मी आधी नंबर दिला आणि मग विचारले. तुम्ही हो म्हणाल, या आशेने विचारले. ती विचारण्याची रीत नव्हे.

काल हेड सिस्टरना सांगितले. युल्हीच्या संध्याकाळच्या ड्युट्या कोण करणार, एवढेच त्यांनी विचारले. निम्म्या मी करीन, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या की मनाने मोठ्या असलेल्या सिस्टरांच्या पाठीचे मणके आधी जातात, आणि त्यांनी ते तक्त्यात भरून टाकले. दुपारी सगळ्यांना कळले. पुढच्या वर्षीचा नंबर जिचा आहे, त्या ओग्यांगने मोठ्याने जाहीर केले की तिचा नंबर मागायला कोणी आलेच, तर ती ओला टॉवेल घेऊन मागे लागेल. सगळ्या हसल्या. युल्हीही हसली आणि मग रडायला लागली. मी तिला सांगितले की खिडकीजवळच्या पेशंटचे वजन घ्यायचे राहिले आहे.

ग्वांगसूला फोनवर सांगितले. त्याने विचारले की जेवलीस का. मी नाही म्हटले, तर म्हणाला, आधी जेव.

बाकी सगळ्याला मी तयार होते, तुमच्याशी बोलणे बंद होण्याला मात्र तयार नव्हते. चार वर्षांत मला असे कोणी रागावले नव्हते. विभागात रागावण्याइतका वेळ कोणाला नसतो.

नोव्हेंबरच्या तक्त्यात ८ आणि ९ तारखेला माझी सुट्टी आली आहे. ग्वांगसूनेही तेच दोन दिवस मागून घेतले आहेत. सांग्जूला जाऊ, असे तो म्हणतो. मलाही यायचे आहे. सोलायला आणखी दोन हात होतील. पण तुमच्या मनाला अजून पटले नसेल, आणि मला समोर बसवून जेवायला वाढणे तुम्हाला जड जाणार असेल, तर मी येणार नाही. तसे स्पष्ट लिहा. मला राग येणार नाही. वाईट वाटेल, ते मी सोसेन. मग ग्वांगसू एकटा येईल, आणि माझे ते दोन दिवस मी युल्हीला देईन. तिला उलट्या फार होतात.

लोभ मागण्याचा हक्क या वेळी मला नाही. उत्तर मात्र मागते. मी यावे की येऊ नये, ते शुक्रवार, ३१ ऑक्टोबरपर्यंत कृपया कळवावे.

आपली,
सोलरान