सोलहून आलेलं बोलावणं

प्रिय तेसोकदादा,

काल आपला मोकपोचा बेसबॉल संघ बंद होण्याआधीचा शेवटचा सामना हरला, तेव्हा तू प्रेक्षकांतून ओरडलास, “उजिन, मान वर कर! चोरी केलीयस का?” लोक हसले. मला मात्र वर बघवेना.

दहा वर्षांपूर्वी संघ निघाला, तेव्हा तू चेंडू टाकायचास आणि मी समोर बसून तो झेलायचो. पाचव्या वर्षी आपण सगळ्या कोरियात पहिले आलो. बंदरावरच्या कोळिणींनी तुला खांद्यावर घेऊन नाचवलं. मग संघाच्या मालकाचा जहाजांचा कारखाना बुडाला, चांगले खेळाडू विकले गेले आणि हरत्या संघाला तू एकट्यानं ओढलंस. त्यातच तुझा खांदा गेला.

काल सामना संपल्यावर तू माझ्या गळ्यात हात टाकलास. “सुटलो एकदाचे! आता दोघं मिळून बाबांची बोट चालवू. या खांद्यानं मला एकट्याला जाळं ओढवत नाही रे.” मी नुसता हो म्हणालो.

दादा, सोलच्या संघानं मला घेतलंय. आपल्यातून एकट्या मलाच. बातमी कळली तेव्हा मी आनंदानं रडलो आणि मग तुझा चेहरा आठवून माझी मलाच लाज वाटली.

हे पत्र टपालात टाकून गुपचूप निघून जायचं ठरवलं होतं. पण आत्ता तू खालून हाक मारतोयस, “उजिन, अरे इंजिन सुरू झालं! ये लवकर!”

आलो, दादा. तुझ्यासमोर उभा राहूनच सांगतो.

तुझा,
उजिन