नागलीच्या चार सोंगट्या

खोडाळ्याजवळचा पाडा
८ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षास आजीचे अ. उ. आशीर्वाद. निम्मे आत्ता घे, उरलेले माझा राग उतरल्यावर पोचतील.

तुझं पत्र पुष्पाने मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा वाटलं, तुझी आई मधलं काहीतरी गाळते आहे. आता मी बोलते आणि ती लिहिते. माझे शब्द ती मऊ करत असेल, तर तू ते कडक करून वाच.

म्हणजे झालं असं, की इंग्रजी शब्दांच्या खेळाच्या स्पर्धेला पालघरला कुणाला न्यायचं ते तुमचे सर निवडत होते. तू पटावर अक्षरांच्या चार सोंगट्या लावून आपली नागली मांडलीस. इंग्रजीत तिला रागी म्हणतात म्हणे. समोरची रविना हसली. सर म्हणाले, हा आपल्याकडचा शब्द, इंग्रजी नव्हे. झालं, गुण गेले. अगं, पण शब्दांचं जाड पुस्तक टेबलावरच होतं ना? ज्याला शंका येईल त्याने ते उघडायचं, हा नियम तूच लिहितेस. मग सरांचे हात काय मोखाड्याला बाजाराला गेले होते?

मे महिन्यात तू मला असले अडनिडे शब्द अर्थासकट सांगत बसायचीस. डोंगराच्या पोटातल्या वाटीसारख्या खळग्याला इंग्रजीत कूम म्हणतात, आणि तो शब्दही त्यांनी कुठल्याशा डोंगरी मुलखातून उचलला, असं तूच म्हणालीस. त्यांना दुसऱ्यांचा डोंगर चालतो आणि आपली नागली चालत नाही? आणि तो आय नावाचा प्राणी, लांब नखांचा, दिवसभर फांदीला लटकलेला. तुझ्या बापाला मी त्याच नावाने हाक मारते. हल्ली मधु लवकर उठतो.

खेळ सोडते असं लिहिलंस. ते वाक्य मी ऐकलेलं नाही.

पत्र जव्हारच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. वसतिगृहाच्या फोनवर बाईंसमोर दोन मिनिटांत एवढं भांडता येत नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, सरांवर नाही.
तुझी आजी हिराबाई

---

जव्हार
१३ सप्टेंबर २०२५

ती. आजीस प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

सरांना फार बोलू नकोस. एक गोष्ट मी लिहिली नव्हती. सर नुसतं एवढंच म्हणाले, की हा आपल्याकडचा शब्द, इंग्रजीत असेल असं मला नाही वाटत. त्यावर मीच माझ्या सोंगट्या उचलून घेतल्या. आमच्या खेळात सोंगट्या उचलल्या की शब्द मागे घेतला असं धरतात, मग पुस्तक उघडायचं कारण उरत नाही. सरांचं नियमाने बरोबरच होतं.

मी मुद्दाम नाही केलं गं. घरी जेवताना कुणी मोठ्याने नको म्हटलं की हात मागे घ्यायचा, हे तूच शिकवलंस. माझा हात आपोआप मागे आला. सगळ्या हसल्या. पुढच्या शनिवारी निवडीचा शेवटचा डाव आहे, तो खेळायची मला लाज वाटते.

आईला आणि बाबांना नमस्कार. माझ्यावर चिडलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी प्रतिक्षा

---

पाडा
१६ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षास अ. उ. आशीर्वाद, या वेळी सगळे एकदम, कारण राग काही लवकर उतरायचा नाही.

हात मागे घ्यायला शिकवलं ते ताटावरून. भाकर एक आणि माणसं पाच असली की शिकवावं लागतं. ताटातली भाकर आणि पटावरचा शब्द यांतला फरक एवढी आठवीतली पोर तू, तुला कळू नये? शब्द तू घेतलास म्हणून कुणी उपाशी राहतं का? आणि सरांना तर वयाचा मान आहे. कळत होतं की पोर घाबरली, मग ठेव म्हणायला काय झालं होतं? नियमाने बरोबर होते म्हणे. नियमाने बरोबर असणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

शनिवारी खेळायचं. नागली पुन्हा मांडता आली तर मांडायची. सर नको म्हणाले तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं आणि म्हणायचं, सर, पुस्तक उघडा. कुणीही मोठं असो, पटावरच्या शब्दावरून हात मागे नाही.

शेतात नागली कणसाला आली आहे. दिवाळीच्या सुट्टीत थेट घरी ये. घरची सगळी बसल्याशिवाय नव्या नागलीची पहिली भाकर आपण मोडत नाही, तुला ठाऊक आहे.

वाट पाहणारी आणि धुमसणारी,
आजी

---

जव्हार
२१ सप्टेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

डाव संपत आला तेव्हा चारही अक्षरं हाताला लागली. मी मांडली. रविनाने शंका घेऊन सरांकडे पाहिलं, सरांनी नकाराची मान हलवली. मी हातांवर बसले. मग म्हटलं, "सर, पुस्तक उघडा."

त्यांनी उघडलं. शब्द होता. शंका रविनाची आणि ती खोटी ठरली, म्हणून तिची खेळी गेली. पुस्तकात अर्थ दिला आहे: कोरड्या प्रदेशात पिकणारं एक धान्य. सर पुस्तक मिटत म्हणाले, "बरं, राहू दे."

पालघरसाठी माझं नाव लागलं आहे. पण आजी, स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीतच आहे. पहिल्या भाकरीला मी नसेन. तू नको म्हणशील, मला माहीत आहे. पण पटावरच्या शब्दावरून हात मागे घ्यायचा नाही, हे तूच लिहून पाठवलंस. कुणीही मोठं असो, असंही लिहिलंस.

लोभ राहू दे, राग आल्यावरसुद्धा.
तुझी प्रतिक्षा

---

पाडा
२५ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिक्षास अ. उ. आशीर्वाद.

कोरड्या प्रदेशात? भर पावसात उतारावर वाकून रोपं लावते मी, पाठीवर इरलं आणि पायात चिखल. पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा आषाढात इकडे पाठवा. आणि बरं, राहू दे, ही काय माफी झाली? सरांना सांग, आजीने ऐकलं आहे.

तुझ्या पत्राचा शेवट वाचताना तुझी आई हसत होती. मी नाही हसले. माझंच बोलणं माझ्याच दारात आणून ठेवतेस. तुझा बाप म्हणाला, आता बोल काय बोलतेस. आय कुठला.

तर ऐक. घरातली मोठी म्हणून सांगते: पालघरला जायचं नाही. सणाला घरी यायचं. मी नको म्हणते, साफ नको म्हणते.

बघू आता, हात मागे घेतेस का.

घेतला नाहीस तर परत येशील त्या दिवशी पहिली भाकर भाजेन. तोवर या घरात जुन्याच पिठाच्या खाऊ.

आजी