टोमॅटोच्या दिवशीची कविता

अंकल, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी फेब्रुवारी आला की मला सिडनीच्या पेंडल हिलमधलं तुमचं अंगण आठवतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वसईहून नुकतेच आलो होतो. शेजारी तुम्ही, इटलीतल्या सिसिलीचे, जन्मभर वीटभट्टीवर राबलेले आणि कवी. वर्षाचा टोमॅटो सॉस भरायला तुमचं सगळं खटलं जमायचं. दळायच्या यंत्राचा दांडा कोणीही फिरवो, शेजारी उभे राहून तुम्ही तुमच्या बोलीत कविता म्हणायचात आणि त्या ठेक्यावर दांडा फिरायचा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून तुमच्या त्या तुळशीसारख्या बेझिलच्या पानाऐवजी बाटल्यांत हिरवी मिरची घातली. त्या बाटल्या तुम्ही हिवाळाभर एकट्याने संपवल्यात, हे आंटींनी मला फार उशिरा सांगितलं.

एकदा तुम्ही विचारलंत, मी घरी काय बोलते. मी म्हटलं, मराठी. "ती शाळेतली. आई जेवायला कशात बोलावते?" मी ओशाळून म्हटलं, आमची वसईची बोली आहे, पण ती आपली गावठी, तिच्यात कोण लिहिणार! तुम्ही केवढे चिडलात. "असं पुन्हा म्हणायचं नाही! आमच्या इटालियन क्लबातले लोक माझ्या कवितांना हेच म्हणतात." मला फार वाईट वाटलं होतं.

तुम्ही गेलात, तेव्हा एकही ओळ कागदावर नव्हती आणि मुलांना फक्त इंग्रजी येत होतं. पुढच्या फेब्रुवारीत दांडा तुमच्या मुलाच्या हातात, आणि सगळे गप्प. "डॅडचं ते... मला येतच नाही," तो म्हणाला. अंकल, कसं कोण जाणे, ते माझ्या तोंडून बाहेर पडायला लागलं. अर्थ ठाऊक नाही, हेल वसईचा, पण दरवर्षी ऐकलेलं सगळं ओळीने आलं. दांडा फिरायला लागला. माझी लेक ओरडली, "मम, यू स्पीक सिसिलियन?" आंटींनी डोळे पुसत माझा एक शब्द सुधारला आणि म्हणाल्या, पुन्हा म्हण. आता तुमची नातवंडं ती कविता म्हणतात, आंटींनी सुधारलेल्या शब्दासकट.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलंय. माझ्या आईच्या बोलीत मी दोन ओळी केल्यात. घरात अजून कोणालाच ऐकवल्या नाहीत. तुम्हाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं, तरी पहिल्यांदा तुम्हालाच म्हणून दाखवल्या असत्या.