अदिती आज ट्यूशनले जाणार नाही

केयूर,

मी अदितीले घेऊन नंदिनीताईकडे हुडकेश्वरले चालली. तू सकाळी नको म्हटलं, तरी चालली. ट्यूशनच्या मॅडमले मी फोन करून दिला आहे.

त्या भुयाराच्या बोर्डगेममध्ये काय ठेवलं आहे, असं तू विचारतोस. मागच्या रविवारचं मी तुले सांगितलंच नाही. ताईच्या मुलांसोबत ती खेळून राहिली होती. भुयाराचं शेवटचं दार उघडलं अन् आत राक्षस निघाला. मुलं म्हणाली, पळू. आपली पोरगी खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "कोणी पळायचं नाही! जादूगारीण मी आहे, सगळे माझ्या मागं या."

एका दमात बोलली, केयूर. कुठंच अटकली नाही. मग फासा उलटा पडला, राक्षसानं सगळ्यांले खाऊन टाकलं, तरी ती हसून राहिली होती. मी ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तुले काहून नाही सांगितलं? तू लगेच तिले पाहुण्यांसमोर बोलून दाखवायले लावलं असतं.

आता ती दर रविवारी जाईल. हे ठरलं.

वरण-भात ओट्यावर झाकून ठेवला आहे. वरण गरम करून घे.

संध्याकाळी तिले घ्यायले तूच ये. गाडीवर ती तुले सगळी गोष्ट सांगेल. अटकली तर अटकू दे. पुढचा शब्द तुझ्या तोंडात आला, तरी तू बोलू नको. तिचा तिले सापडू दे.

वैदेही