टीव्ही थंड राहिला पाहिजे

सावदा,
दि. ६ मार्च १९८९

ती. स्व. लीलाधरभाऊस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. केळीला पाणी पुरत नाही आणि मला झोप पुरत नाही, एवढेच. भाऊबीजेला तू ओवाळणीत टीव्ही दिलास तेव्हा सगळी आळी बघायला आली होती. माझी मान केवढी ताठ झाली! आता तीच मान सारखी स्टॅबिलायझरच्या काट्याकडे वळवून दुखायला लागली आहे. मळ्यांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की चित्र आक्रसून पाटीएवढे होते. त्या बंद झाल्या की काटा उडी मारतो, आणि मी पिठाच्या हातांनी तशीच बटण बंद करायला धावते. यांना मळ्यातून सवड नाही. सासूबाई बटणाला हात लावत नाहीत. त्यांचे एकच म्हणणे, तुझ्या माहेरची वस्तू, तूच सांभाळ. उद्या काही बिघडले तर आळीभर माहेराचाच उद्धार होणार, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणून आत्ताच कळवते, यंदाही अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माझे येणे होणार नाही. गेल्या वर्षी सासऱ्यांचे वर्ष सरायचे होते, यंदा हा टीव्ही. आईला तूच समजावून सांग. फार थकले रे भाऊ.

लोभ आहेच, तो या उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझी,
सुनंदा

जळगाव,
दि. १४ मार्च १९८९

चि. सौ. सुनंदा हिस,
लीलाधरचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचले. आईला वाचून दाखवले. तिने मला झोक्यासाठी नवा दोर आणायला सांगितले होते, आता राहू दे म्हणाली. मग तुझ्या वहिनीजवळ म्हणे, लेकी आखाजीलाही माहेरी यायच्या नाहीत तर यायच्या कधी? दिवसभर जेवली नाही नीट.

मी इथल्या मेकॅनिकला गाठले. तो सांगतो ते ध्यानात ठेव. लाइट गेली की नुसते बटण नाही, पिनच काढायची. आली की काटा स्थिर होईतो लावायची नाही. आभाळ गडगडले तर अँटेनाची वायर सोडवायची. चालू असताना वरचे ते मोराचे भरतकाम काढून ठेवायचे (तू काढले नसणार, मला माहीत आहे). आणि खानदेशच्या उन्हाळ्यात सगळ्यांत महत्त्वाचे, टीव्ही थंड राहिला पाहिजे. हे सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांचा हातभार लागला तर तुला सुटता येईल. विरंगुळा म्हणून दिला होता ग, तुला दावणीला बांधायला नव्हे. जमत असेल तर एका ओळीचे कार्ड टाक, मुराळी म्हणून मी स्वतः न्यायला येतो.

सासूबाईंना नमस्कार, तुला आठवण.

तुझा,
लीलाधर

सावदा,
दि. २४ एप्रिल १९८९

ती. स्व. लीलाधरभाऊस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

टीव्ही जळाला. घाबरू नकोस, माणसे सुखरूप आहेत. पण हे पत्र घरात मोठ्याने वाचू नकोस.

तुझे पत्र मी सासूबाईंना शब्दन् शब्द वाचून दाखवले होते. परवा दुपारी त्यांना टीव्ही लावून दिला आणि मी दळण आणायला गिरणीवर गेले. ऊन असे की चपलेतून पाय पोळत होते. इकडे सासूबाईंनी सहज टीव्हीच्या पाठीला हात लावला, तर तापलेला. त्यांना तुझे शब्द आठवले. मग आपण पाण्याच्या रांजणाला करतो तेच त्यांनी केले. ओले पोते गुंडाळले, आणि ते वाळू नये म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतले.

मोठा आवाज झाला, घरभर धूर. शेजारचा निंबा धावत आला आणि त्याने मेन स्विच पाडला. मी आले तो सासूबाई ओट्यावर बसून व्होल्टेजला शिव्या देत होत्या, आणि आळी माना डोलावत होती. इथे कुणाच्या घरचा बल्ब फुटलेला नाही? पण मला दाराआड ठिबकणारे पोते दिसले. मी दार लोटून ते झाकले.

संध्याकाळी चुलीपाशी त्यांनीच सगळे सांगितले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, तुझ्या भावाले सांगू नको व माय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या माहेराला कुणी घाबरले रे! मला हसू आले, आणि मग त्यांच्याबरोबर रडूही आले. त्यांनी काही वाईट मनाने केले नव्हते. नंतर आपणहून म्हणाल्या, जाय, यंदा आखाजीले जाय, आता घरात राखायले काय राह्यलं?

तेव्हा तू टेम्पो घेऊनच ये. टीव्ही ने आणि मलाही ने. आल्यावर सासूबाईंसमोर व्होल्टेजलाच नावे ठेव. टीव्ही खुशाल मेकॅनिककडे टाक. पण भाऊ, तो चार दिवसांत दुरुस्त झाला तरी इकडे कळवू नकोस. मला आईजवळ महिनाभर पोटभर झोपायचे आहे.

वाट बघते.

तुझी,
सुनंदा