खाचेतलं काळं

४ जून

ती. मामास,
शि. सा. न.

हॉटेल बंद झालं तेव्हा तुला मिळालेली, मग तू मला दिलेली ती चांदीच्या मुलाम्याची किटली आठवते ना? डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी जुन्या वस्तूचं एक चित्र सोळा तारखेपर्यंत द्यायचंय. मी तीच निवडली. काय भारी बनवलीय रे. चोच हंसाच्या मानेसारखी, झाकणावर कळी, पोटभर वेल. ओतल्यावर शेवटचा थेंबही ओघळत नाही. खात्री करायला मी सहा कप चहा प्यायले. आई म्हणाली, आता तूच किटली झालीस.

पण एक घोळ झालाय. काल टूथब्रश घेऊन मी पानांच्या खाचांतला सगळा काळा मळ काढला. किटली आरशासारखी चमकली आणि वेल गायबच झाली. कागदावर नुसता गोल डबा उतरतोय. यंदा जमलं नाही तर बाबा कॉमर्सला घालणार. काय करू?

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकू दे.

तुझी भिंगरी


७ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

तो मळ नव्हता गं बाई. तीस वर्षं हॉटेलच्या पॅन्ट्रीत चांदी पुसताना मी तो राखला होता. उंचवटा पुसायचा, खाच सोडायची. काजळ धुतलं की डोळे बारीक दिसतात, तसंच हे. पहिल्या आठवड्यात मीही हाच शहाणपणा केला होता. आमचे मुकादम म्हणाले, हा आणखी दोन दिवस राहिला तर चमच्याची सळई करेल.

ते काळं परत यायला वर्ष जाईल. तुझ्याकडे आहेत नऊ दिवस. म्हणून जोडीचं साखरेचं भांडं पाठवतोय. वेल तीच आहे. फडकं लावलंस तर कान उपटीन.

चहा कमी पी, पत्रं जास्त लिही.

मामा


२५ जून

ती. मामास,
शि. सा. न.

भांडं खोक्यातून काढलं आणि बघतच बसले. एकेक पान मोजता येतं. मग चित्रात दोघांना शेजारी बसवलं, किटली कोरी आणि भांडं काजळ घातलेलं. खाली लिहिलं, ‘मी काय पुसलं’.

परीक्षक बाईंनी चित्रातल्या भांड्याच्या कडेवर पेन्सिल टेकवली. म्हणाल्या, निदान हा डाग तरी पुसायचास. मी सांगितलं, तो मामाचा अंगठा आहे, खोक्यात भरताना उमटलेला. त्या पुन्हा वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

आज यादी लागली. माझं नाव सातवं.

भांडं मात्र परत पाठवत नाहीये. किटली काळी होईपर्यंत तिला सोबत हवी. परत मागितलंस तर पुसून पाठवीन.

कान उपटायला तरी ये, वाट बघते.

तुझी भिंगरी